परत आल्याची वेळ

दुसऱ्याच्या उपयोगी पडायला माणसाने किती हपापलेलं असावं याची एखादी सरकारी मर्यादा असती, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना पहिल्याच आठवड्यात नोटीस गेली असती. आणि ती नोटीस घेऊन आलेल्या शिपायाच्या सायकलचं पंक्चर काढून काकांनी त्याला चार पायऱ्या खाली सोडून दिलं असतं. मी उभं आयुष्य एका सरकारी कचेरीत काढलं, शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क म्हणून. मदत टाळण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत तेवढ्या मी तिथे पाहिल्या, त्यातल्या दोन-तीन तर माझ्याच. त्यामुळे मदत करू द्या म्हणून पाठीस लागणारा माणूस या जगात असू शकतो, यावर माझा विश्वासच नव्हता. तो सत्तरी ओलांडल्यावर बायकोला घेऊन साता समुद्रापलीकडून येईल आणि थेट धायरीत, आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटेल, हे तर माझ्या पत्रिकेत कुठेच नव्हतं.

ते अमेरिकेतले. तिकडच्या कुठल्याशा आडगावात चाळीस वर्षं गाई सांभाळून दुधाचा धंदा केला, मग गोठा मुलांच्या हवाली केला आणि नवरा-बायको दीड वर्षासाठी आपल्या चर्चच्या मिशनवर पुण्यात आले. त्यांच्या चर्चची विशीतली मंडळी गावोगाव सेवेला जातात म्हणे, आणि त्यांच्या पाठीशी असं एखादं वडीलधारं जोडपं लागतं. त्या मंडळींच्या खोल्या स्वच्छ आहेत का बघायचं, पाण्याचे फिल्टर पोचवायचे, कोणाला ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचं, ऑफिसात बसून फायली लावायच्या. थोडक्यात, निवृत्तीनंतर पदरमोड करून पुन्हा नोकरी, आणि तीही कारकुनी. हे कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. सोसायटीतली चिल्लीपिल्ली त्यांना काका-काकू म्हणायला लागली, मग सगळेच म्हणायला लागले, आणि वयाने जेमतेम सहा वर्षांनी लहान असलेला मीही बघता बघता त्यांना काका म्हणू लागलो.

आमची पहिली भेट लिफ्टपाशी झाली. माझ्या हातात भाजीची पिशवी होती, तीत दोन किलोचा लाल भोपळा. मागून एक लांबलचक गोरा हात आला आणि त्याने पिशवीचा एक बंद धरला. मी दुसरा सोडला नाही. पुण्यात अनोळखी माणसाने पिशवी धरली तर काय करायचं हे आम्हाला आईच्या दुधातून मिळालेलं असतं. काका हसून म्हणाले, "नमस्कार. आपल्यासाठी मी काय करू शकतो?" मी म्हटलं, "पिशवी सोडू शकता." त्यांनी ती लगेच सोडली, मनापासून आभार मानले, आणि लिफ्टचं दार मी आत जाऊन बटण दाबेपर्यंत धरून ठेवलं. हे वाक्य ते रोज, भेटेल त्याला विचारत. इकडे येण्याआधी त्यांनी कोणा बाईंकडे इंटरनेटवर सहा महिने मराठीची शिकवणी लावली होती, आणि त्या बाई पक्क्या पेठेतल्या असाव्यात, कारण काका जिन्यात झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा "आपण जरा बाजूला व्हाल का?" असं विचारत आणि तो उठेपर्यंत थांबत. काकूंकडे मराठी शब्द मोजून सात-आठ होते, पण "छान" आणि "अजून घ्या" एवढ्या दोनांवर त्यांनी सगळ्या बायका जिंकल्या.

गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडून बारा दिवस पाणी वाहत होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा मी स्वस्थ बसलो नव्हतो. त्या बाबतीत मी तीन नोटिसा लावल्या होत्या. तेराव्या दिवशी काका काकूंना घेऊन गच्चीवर गेले आणि वीस मिनिटांत टाकी दुरुस्त करून खाली आले. मी चौथी नोटीस लावली, "टाकीस परवानगीशिवाय हात लावू नये. कसूर केल्यास कारवाई करण्यात येईल." काका त्या नोटिशीसमोर शब्दकोश घेऊन अर्धा तास उभे होते. सगळी नोटीस त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि संध्याकाळी खाली येऊन माझ्या अक्षराचं अभिनंदन केलं. 'कसूर' हा शब्द त्यांना फार आवडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी यायला मिनिटभरही उशीर झाला नसेल, तरी म्हणाले, "आज माझ्याकडून कसूर झाली."

आणखी एक गोष्ट म्हणजे ही दोघं चहा पीत नसत. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. खरं सांगायचं तर पुणेकराला देवाने द्यावा तर असा पाहुणा द्यावा. मी मोठ्या उदार मनाने रोज "चहा घेणार?" म्हणून विचारायचो आणि ते रोज नको म्हणायचे. आमच्या हिला मात्र हे पटेना. तिने कोकम सरबताचा रतीब सुरू केला, आणि वरून काकूंचा केळ्याचा केक खाली येऊ लागला. त्यात अंडं आहे का, असं मी पहिल्या दिवशी दारातच विचारलं. पुढच्या वेळेपासून त्यात अंडं नसे, आणि हे त्यांनी बोलूनही दाखवलं नाही.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच. ही दोघं कधी एकमेकांना सोडून कुठे जात नसत. त्यांच्या मिशनचा नियमच तसा, कुठेही जायचं ते जोडीने. जोडीदाराला एकटं टाकायचं नाही. काका खिळे आणायला निघाले की काकू बरोबर, काकू कोथिंबिरीला निघाल्या की काका बरोबर. कचऱ्याची बादली ठेवायलाही दोघं, छातीवर आपापल्या नावाच्या काळ्या पट्ट्या लावून. सिंहगड रस्ता ओलांडताना काका एका हाताने काकूंचा हात धरत, दुसरा हात रहदारीला दाखवत, आणि पुण्यातले दुचाकीवाले चक्क थांबत. मला तर हा निव्वळ पोरकटपणा वाटायचा. मी सकाळी कट्ट्यावर जातो, दुपारी वाचनालयात, संध्याकाळी देवळापाशी. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बायकोला बरोबर घेऊन हिंडावं असं काही काम निघालं नव्हतं.

आता परदेशी माणसं, त्यातून चर्चची, त्यातून इतकी गोड. माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. ही मंडळी आपल्याला बाटवायला आली आहेत याबद्दल माझी खात्री पटली आणि मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, माळ्यावरचे जुने ग्रंथ काढून वादविवादाचे सतरा मुद्दे एका फुलस्केप कागदावर लिहिले आणि तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. काकांनी धर्माचा विषय काढायचा अवकाश, की मी पहिला मुद्दा टाकणार होतो. दुसरं म्हणजे नोंदवही उघडली. तारीख, बाहेर गेल्याची वेळ, कारण, परत आल्याची वेळ, शेरा, असे पाच रकाने आखले आणि वही गेटवरच्या केबिनमध्ये ठेवली. आमचे वॉचमन शिंदेमामा ती हातात धरायला तयार होईनात. "सायेब, म्हातारं मानूस हाय. बायकूला घिऊन कोथमीर आनाया जातंय. त्यात ल्ह्यायचं काय?" शेवटी मीच गॅलरीतून पाळत ठेवायचो आणि खाली जाऊन नोंद करायचो. असे पंधरा महिने गेले. वही अर्धी भरली, पण एकदाही धर्माचा विषय निघाला नाही. खिशातला कागद दोनदा सदऱ्याबरोबर धुतला गेला, मी दोनदा नव्याने लिहिला. पुढे पुढे मला अपमानच वाटायला लागला. मी काय बाटवण्याच्याही लायकीचा नाही?

अशात हिचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशन झालं, पाच दिवस मी तिच्याजवळ दवाखान्यात होतो. घरी आलो आणि हिला झोपवून आधी खाली जाऊन वही उघडली, कारण पाच दिवसांची नोंद राहिली याची रुखरुख होती. पाहतो तर पाचही दिवस भरलेले. लहान मुलासारख्या वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं: 'सकाळी ६:१०. आम्ही दोघे बाहेर गेलो. कोथिंबीर. परत ६:४५.' खाली पुन्हा 'दोघे', पुन्हा 'दोघे'. एका दिवशी शेऱ्याच्या रकान्यात 'कसूर. वेळ लिहायला विसरलो.' शिंदेमामा म्हणाले, "त्यांनीच ल्हिलं. म्हनले, सायेब न्हाईत, तर आपन त्यांचं काम करू."

आता पुण्यात कोणी असं केलं, तर तो टोमणा असतो. मला तो कडकडून झोंबला. माझीच पाळत, आणि माझ्याच वहीत मला चपराक. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, पंधरा महिन्यांत पुरता पुणेकर झालास. त्या दिवसापासून मी काकांशी बोलणं सोडलं. ते जिन्यात भेटले आणि हिच्या तब्येतीची चौकशी करून "आपल्यासाठी मी काय करू शकतो?" म्हणाले की मी म्हणायचो, "काही नको. आमचं आम्ही बघतो." असं मी तीनदा म्हटलं.

आणि मी बघत होतो म्हणजे काय करत होतो, तेही सांगतो. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की रोज सकाळ-संध्याकाळ चालवा, कोणीतरी सतत बरोबर राहा. सहा आठवड्यांत गुडघा वाकता झाला नाही तर पाय तसाच राहील. मी लगेच वेळापत्रक केलं, फ्रीजवर चिकटवलं, पावलांसाठी वेगळा रकाना ठेवला आणि हातात घड्याळ घेऊन खुर्चीत बसलो. ही वॉकर घेऊन पॅसेजमध्ये निघायची, मी खुर्चीतून सांगायचो, "आता उजवा. आता डावा. पाच मिनिटं झाली." चौथ्या दिवशी वॉकर चपलांच्या रॅकला अडकला, ती तिरकी झाली, आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत तिने रॅक धरून स्वतःला सावरलं होतं. पडली नाही, पण त्या दिवसापासून ती चालेनाच. न्हाणीघरापर्यंत जायची आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मी खुर्चीतून सांगायचो की मनाची तयारी पाहिजे. वेळापत्रकावर तीन आठवडे फुल्या पडत गेल्या. त्या फुल्या मी नेमाने मारत होतो.

चौथ्यांदा काका-काकू दारात आले, तेव्हा मी तेच म्हणालो, आमचं आम्ही बघतो. आतून हिचा आवाज आला, "अहो, त्यांना आत घ्या. तुम्ही कसं बघताय ते मी तीन आठवडे बघतेच आहे."

काका आत आले, हिच्यासमोर स्टुलावर बसले आणि पँटचे दोन्ही पाय गुडघ्यांच्या वर सारले. दोन्ही गुडघ्यांवर वीतवीतभर शिवणी. दोन्ही बदललेले. "पहिल्या वेळी मी रडलो. मला फार भीती वाटली," ते म्हणाले. मग काकूंकडे बोट करून, "ही माझ्याबरोबर चालली." आमची ही त्या शिवणींकडे बघत राहिली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा उमेदीने उठून बसली. मला वाटलं, आता काका तिला हात देणार आणि माझी सुटका होणार. मी तशी वाट करून दिली. पण काका माझ्याकडे वळले. "मी नाही. आपण. आपण यांचे जोडीदार आहात."

म्हटलं, मी रोज करून घेतोच आहे. काकांनी फ्रीजवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मग मला हिच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं केलं. मी तिचं कोपर धरलं. काका म्हणाले, "पोलीस नको." मी मनगट धरलं. "डॉक्टर नको." मग मात्र हिचा हात हातात घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. चार माणसांसमोर, दिवसाढवळ्या, सोसायटीचा सेक्रेटरी. तिचा हात गार पडला होता आणि तिने माझी बोटं घट्ट आवळून धरली. ती इतकी भ्यालेली आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. खुर्चीतून ते दिसत नाही.

रोज साडेपाचला दोघं खाली यायची. आठवडाभर पॅसेज झाला, मग लिफ्टने खाली पार्किंग. पुढे काकू आणि काका, मागे आम्ही, हात धरून. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "काय सेक्रेटरीसाहेब, आज वाढदिवस वाटतं?" मी हात सोडणार होतो, पण हिने तो दाबून धरला आणि वर बघत म्हणाली, "नाही हो, शिकवणी चालू आहे." वॉकर गेला, काठी आली, गुडघा वाकायला लागला. डॉक्टरांनी पाय तपासला आणि माझी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली, माझा स्वभाव तसा आहे.

सोमवार हा काका-काकूंच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी सकाळी ती दोघं घरी मुलांना पत्र लिहीत आणि मग बसने खडकवासल्याला धरणाचं पाणी बघायला जात. शेतकरीच तो; पाणी चढलं की उतरलं हे मला येऊन सांगत, आणि उतरलं असेल तर त्यांचा चेहरा घरातलं कोणी आजारी असल्यासारखा व्हायचा. त्यांच्या मुक्कामाचे दहा दिवस उरले असताना आम्ही चौघं मिळून गेलो. ही काठी घेऊन, पण माझा हात धरून, पाण्याकाठी दोन फर्लांग चालली आणि उभ्याउभ्या भाजलेलं कणीस खाल्लं. मी शेवटी काकांना विचारलंच, दीड वर्षात तुम्ही माझ्याशी तुमच्या धर्माचं एक अक्षरही कसं बोलला नाहीत? "आपण विचारलं नाहीत," ते म्हणाले. खिशातला कागद मी तिथेच कणसाच्या बुरकुंड्याला गुंडाळून टोपलीत टाकला.

परत आल्यावर हिने सगळ्यांना थालीपिठं केली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती ओट्यापाशी उभी होती. जेवता जेवता काकूंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. त्यांनी पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात मुलीला लिहिलेल्या पत्राची प्रत. त्या मुलीचा आई-वडिलांच्या इकडे येण्याला फार विरोध होता म्हणे. एवढ्या मोठ्या अनोळखी शहरात म्हातारी माणसं हरवली, कुठे पडली, तर कोणाला कळणार, म्हणून ती रडत होती. काका त्यातलं एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. "आमच्या इमारतीत एक सज्जन आहेत. आम्ही बाहेर गेलो की ते वेळ लिहितात. परत आलो की वेळ लिहितात. त्यासाठी त्यांनी वही केली आहे. आम्ही परत आलो नाही, तर त्यांना कळेल. म्हणून तू काळजी करू नकोस." कागदाची घडी घालत ते म्हणाले, "त्यानंतर ती रडली नाही."

म्हणजे तो टोमणा नव्हता. या माणसाने दीड वर्ष माझ्या पाळतीला माया समजून मायाच परत केली होती, आणि मी दवाखान्यात असताना त्या मायेत खंड पडू नये म्हणून स्वतः वही भरली होती. आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. हिने माझ्या पानात आणखी एक थालीपीठ टाकलं आणि काकांना म्हणाली, "हो, यांना फार काळजी." ती हे कुठल्या सुरात म्हणाली ते फक्त मला कळलं. पाहुणे वर गेल्यावर ती म्हणाली, "सांगितलं असतंत, तर तुमचं मन हलकं झालं असतं आणि त्या लेकीचं जड. त्यापेक्षा उरलेल्या दिवसांत ते खरं करा."

तर मी ते केलं. नऊ दिवस मी खरोखरच काळजीने नोंदी केल्या. एका संध्याकाळी कसबा पेठेत तांब्याची भांडी बघायला गेलेली ही दोघं दीड तास उशिरा आली. तेवढा वेळ मी गेटवर येरझाऱ्या घालत होतो, शिंदेमामांना चौकापर्यंत पिटाळलं होतं, आणि ही काठी टेकत माझ्याशेजारी उभी होती. ती दोघं रिक्षातून उतरल्यावर मी काकांवर चिडलो. अहो, फोन करता येत नाही का, म्हणून दोन शब्द सुनावलेही. ते म्हणाले, "कसूर झाली," आणि त्यांचे डोळे भरून आले.

काका-काकू गेले त्या दिवशी दुपारी गाडी आली. काकूंनी केकचं भांडं हिच्या हातात दिलं, आणि काकांनी आपली अवजारांची पेटी शिंदेमामांना. निघताना काका नेहमीच्या सवयीने म्हणाले, "आपल्यासाठी मी काय करू शकतो?" मला म्हणायचं होतं, राहू शकता. मी म्हटलं, "पोचल्यावर कळवा." ते केबिनपाशी थांबले, वही उघडून त्यांनी स्वतः लिहिलं: 'दुपारी १२:२०. आम्ही दोघे बाहेर गेलो. घरी.'

परत आल्याची वेळ हा रकाना रिकामा आहे. पोचल्याचा निरोप आला, पत्रंही येतात, गाई बऱ्या आहेत. चौथ्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड आलं. नोंदवहीची आता काही गरज नाही असं सभेत ठरलं, तेव्हा मी ती घरी आणली. साडेपाचला आम्ही खाली उतरतो, त्याआधी मी लिहितो, 'दोघे.' ही विचारते, कारण काय लिहिलंत? मी म्हणतो, कोथिंबीर. आमच्या कचेरीत एक पद्धत होती. पान संपलं की जे प्रकरण निकाली निघालं नसेल ते नव्या पानावर पहिल्या ओळीत ओढून घ्यायचं, म्हणजे ते विसरलं जात नाही. मी काकांची ती ओळ दर नव्या पानावर ओढतो. परवा पान उलटलं तेव्हा मी चष्मा शोधत होतो. सापडल्यावर पाहिलं, तर ती ओळ हिने आधीच लिहून ठेवली होती.